शालेय वृंदगान : गीतांची निवड आणि स्वरवाचन

आपल्या देशातील बहुतेक माध्यमिक शाळांत वृंदगानाची आठवण होते ती स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन आणि स्नेहसंमेलन या तीन प्रसंगी. कार्यक्रमाच्या तीन-चार आठवडे आधी संगीत शिक्षक वीस-पंचवीस मुले निवडतात, पेटीवर गीताची एकेक ओळ वाजवून दाखवितात आणि मुले ती त्यांच्यामागून म्हणतात. पुनरावृत्तीने गीत बसते, टाळ्या मिळतात आणि पुढील वर्षी नवे गीत पुन्हा पहिल्यापासून याच रीतीने बसवावे लागते. पाच वर्षांत अशी आठ-दहा गीते गायलेल्या विद्यार्थ्याच्या हाती अकरावे गीत लिहून दिले, तर तो त्याच्याकडे कोऱ्या नजरेने पाहत राहतो. भाषेच्या तासाला पाच वर्षे केवळ कविता पाठ करून घेतल्या आणि अक्षरओळख करून दिलीच नाही, तर पालक तक्रार करतील. संगीताच्या बाबतीत मात्र ही स्थिती स्वाभाविक मानली जाते.

कोणती गीते निवडावीत आणि मुलांना स्वरलिपी पाहून गाता येईल असे कसे शिकवावे, हे दोन प्रश्न सामान्यतः वेगवेगळे मांडले जातात. वस्तुतः ते एकाच प्रश्नाचे दोन भाग होत. वाचता न येणाऱ्या वृंदाला शिक्षकाच्या कंठात असेल तेवढेच गाता येते. उलट, वाचनाचे धडे चालू असले पण गायला घेतलेली गीते मुलांच्या आवाक्याबाहेरची असली, तर वाचन केवळ धड्यांपुरते उरते आणि प्रत्यक्ष गीत पुन्हा पाठांतरानेच बसवावे लागते.

पाहून गाण्याची विद्या युरोपात फार जुनी आहे. अकराव्या शतकात इटलीतील अरेझ्झो येथे ग्वीदो नावाचा एक संन्यासी चर्चमधील मुलांना गायन शिकवीत असे. एका परिचित स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एकेक स्वर वर सुरू होते हे ध्यानात घेऊन त्याने त्या ओळींची आद्याक्षरे स्वरांना नावे म्हणून दिली. त्यांतूनच पुढे दो, रे, मी, फा ही मालिका रूढ झाली. ज्या कामाला पूर्वी दहा वर्षे लागत, ते आपल्या पद्धतीने एक-दोन वर्षांत साधते, असे त्याने आपल्या एका मित्राला कळविले होते. पाठांतराला कंटाळलेल्या प्रत्येक शिक्षकाला या ओळीतला आनंद समजू शकेल.

आपल्या देशाशी ज्या पद्धतीचा निकटचा संबंध आला, ती मात्र एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची. नॉरिच येथील सेरा ग्लोव्हर या शिक्षिकेने मुलांसाठी अक्षरांची एक सोपी स्वरलिपी तयार केली आणि १८३५ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने तिच्यात सुधारणा करून ‘टॉनिक सॉल्फा’ पद्धत घडविली. कर्वेन हा पेशाने संगीतज्ञ नव्हता, पाच रेषांची स्वरलिपी त्याला स्वतःलाच जड गेली होती. १८४१ मध्ये हल येथे भरलेल्या रविवारच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, सामान्य मुलांना गायन शिकविण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधून काढण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले. शिकणाऱ्याची अडचण ज्याने स्वतः भोगली आहे, त्याच्या पद्धतीत एक प्रकारचा दयाळूपणा असतो. तो येथे पदोपदी जाणवतो.

या पद्धतीत स्वर त्यांच्या आद्याक्षरांनी लिहितात. दोन मात्रांच्या मध्ये अपूर्णविराम येतो, अर्ध्या मात्रेसाठी पूर्णविराम, पाव मात्रेसाठी स्वल्पविराम. स्वर लांबवावयाचा असल्यास आडवी रेघ काढतात, आणि मोकळी जागा म्हणजे विश्रांती. ‘दो’ कोणत्या पट्टीत धरावयाचा, हे आरंभी एकदाच सांगितलेले असते. आपल्या षड्जाप्रमाणेच येथे ‘दो’ हलता आहे. या लिपीला रेषा लागत नाहीत की विशेष खिळे लागत नाहीत. कोणत्याही साध्या छापखान्यात नेहमीच्या अक्षरांनी ती जुळविता येते, आणि म्हणूनच ती स्वस्त पडली व दूरवर पोहोचली.

योगायोग असा की, ज्या १८४१ साली कर्वेनला हे काम मिळाले, त्याच साली टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी खासी टेकड्यांतील सोहरा, म्हणजेच चेरापुंजी येथे पोहोचला. मिझो टेकड्यांत लॉरेन व सॅव्हिज १८९४ मध्ये आणि वेल्श मिशनचे डी. ई. जोन्स १८९७ मध्ये आले. वेल्समध्ये चार आवाजांच्या सामुदायिक गायनाची परंपरा जोमदार होती आणि टॉनिक सॉल्फा तेथे घरोघर पोहोचले होते. पुढे ही लिपी मिशनांच्या मागोमाग या डोंगराळ मुलुखात आली आणि येथे जी रुजली ती आजतागायत. तिच्या मायभूमीत ती बरीचशी मागे पडली. मिझोरममध्ये मात्र सॉल्फा वाचणारी सामान्य माणसे आजही सहज भेटतात. स्तोत्रसंग्रहाच्या सॉल्फा आवृत्तीत सोप्रानो, आल्टो, टेनर व बास या चारही आवाजांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात आणि शेतकरी, शिक्षक, दुकानदार आपापली ओळ वाचून गातात. १९९० नंतर देशात अनेक ठिकाणी नावारूपाला आलेल्या वृंदांची चर्चा करताना, आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या शिलाँग चेंबर क्वायरचे कौतुक करताना, त्यामागे उभी असलेली ही दीडशे वर्षांची साक्षरता आपण विसरतो.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. आरंभीच्या मिशनऱ्यांना मिझोंचा ‘खुआंग’ हा ढोल प्रार्थनेत नको होता. तथापि धार्मिक पुनरुत्थानाच्या लाटांबरोबर तो परत आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘लेंगखॉम झाइ’ ही गायनरीती घडली. घरी जमून, ढोलाच्या संथ ठेक्यावर, बहुतांशी पाच स्वरांत फिरणाऱ्या चाली सर्वांनी मिळून गावयाच्या, असे तिचे रूप. ती छापील चार आवाजांत बसत नाही; ऐकून, सोबत बसूनच ती आत्मसात होते. एकाच समाजाने वाचून गाण्याचे आणि ऐकून गाण्याचे असे दोन मार्ग शेजारी-शेजारी जतन केले, ही गोष्ट शालेय वृंदासाठी गीते निवडणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी. ज्या शाळेतील मुले हँडेल वाचू शकतात पण आजीचे गाणे विसरली आहेत, ती शाळा आणि ज्या शाळेत केवळ ऐकीव गाणेच चालते ती शाळा, दोहोंतही काही तरी हरवलेले असते.

सरगम आणि सॉल्फा

भारतीय शिक्षकाला स्वरवाचनासाठी परदेशी लिपी घ्यावी लागत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी देशभर परिचित आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू व तार स्वरावर बिंदू, एवढ्या चार-पाच खुणांत ती सामावते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतंत्र लिपी केली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून सामान्य घरांतील मुलामुलींसाठी संगीतशिक्षणाचा दरवाजा उघडला. बंगालमध्ये रवींद्रनाथांची गीते स्वरलिपीसह ‘स्वरवितान’च्या अनेक खंडांत छापलेली आहेत. गोव्यात पॅरिश शाळांतील मेस्त पिढ्यान्पिढ्या मुलांकडून पाच रेषांवरील सोल्फेज घोटवून घेत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांना वाचून वाजविणारे जे गोमंतकीय वादक लाभले, त्यांची पायाभरणी याच शाळांत झाली होती. लिपींची आपल्याकडे वाण नाही. उणीव आहे ती त्या वाचावयास शिकविण्याच्या क्रमाची.

आपली पारंपरिक साधना आरोह-अवरोहापासून सुरू होते. कर्नाटक संगीतातील सरळी वरिसै असोत की हिंदुस्थानी पलटे असोत, त्यांनी आवाज घडतो, स्वर पक्के होतात, याविषयी शंका नाही. परंतु वाचनाच्या दृष्टीने त्यांत एक अडचण आहे. ‘सा’नंतर ‘रे’ आणि ‘रे’नंतर ‘ग’ ही साखळी इतकी घट्ट होते की ‘सा’वरून एकदम ‘ध’ म्हणावयास सांगितले असता मूल मनातल्या मनात पाच पायऱ्या चढून जाते आणि तोवर मात्रा निघून जाते. शिडी पाठ होते, पण एकेका पायरीची स्वतंत्र ओळख होत नाही. कर्वेनने म्हणूनच आरंभ दो, मी, सो या तीन स्वरांनी केला. हंगेरीतील झोल्तान कोदाय या रचनाकाराने कर्वेनच्या हस्तमुद्रा व हलता ‘दो’ स्वीकारले, पण आरंभ सो व मी या दोन स्वरांपासून केला. लहान मुले खेळताना एकमेकांना हाका मारतात त्या बहुधा याच अंतराने उतरतात. मग ला, त्यानंतर दो आणि रे. ‘फा’ व ‘ती’ हे अर्ध्या अंतराचे स्वर त्याने मुद्दाम मागे ठेवले. त्याच्या प्रेरणेने १९५० मध्ये केचकेमेट येथे रोज गायनाचा तास असलेली प्राथमिक शाळा निघाली आणि जगभरचे शिक्षक ती पाहावयास जाऊ लागले.

कोदायचे हे पाच स्वर आपल्या भाषेत मांडले तर ते सा, रे, ग, प, ध असे होतात. हा तर आपला भूप, दक्षिणेत मोहनम. भारतीय मुलाच्या कानाला या स्वरसमूहाची ओळख करून देण्याची गरज नसते. तेव्हा पहिल्या सत्रात भूपाच्या पाच स्वरांखेरीज काहीही वाचावयास देऊ नये, असे माझे मत आहे. प–ग, ग–प, प–ध–प, मग सा–प, सा–ग, ध–सा अशा उड्या फळ्यावर लिहून त्या छडीने दाखवाव्यात. कर्वेनने भिंतीवर टांगण्याचा स्वरांचा उभा तक्ता, मॉड्युलेटर, यासाठीच केला होता. जाड पुठ्ठ्यावर खालून वर स्वर लिहिले की तो कोणत्याही शाळेत तयार होतो. शिक्षक मुकाट्याने बोट दाखवितो, वर्ग गातो.

एक सूक्ष्म भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. सॉल्फात ‘मी–फा’ आणि ‘ती–दो’ ही अंतरे नेहमीच अर्धी असतात. नाव उच्चारताच अंतर कळते. सरगमीत गांधार शुद्ध असो वा कोमल, मूल ‘ग’ असेच म्हणते. कोमलत्व डोळ्यांनी खालच्या रेघेवरून ओळखावयाचे असते. अनुभवी गायकाला याने फरक पडत नाही, नवशिक्या वाचकाची मात्र येथे गफलत होते. सबब पहिले पूर्ण वर्ष बिलावलाच्या शुद्ध स्वरांत काढावे आणि कोमल स्वर एकेक करून, प्रत्येकाला पुरेसा वेळ देऊन आणावेत.

गीतांची निवड

गीत निवडताना शिक्षक प्रथम शब्द पाहतात, मग चाल. आवाज सर्वांत शेवटी. माध्यमिक शाळेपुरता हा क्रम उलटा करणे हिताचे ठरेल. या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली येतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण दोन-तीन स्वरांनीच. काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते, एवढेच. मुलग्यांच्या आवाजातील हा पालट एका रात्रीत होत नसून टप्प्याटप्प्याने होतो, हे अमेरिकेत अर्व्हिन कूपर आणि नंतर १९७० च्या दशकात जॉन कुक्सी यांनी शेकडो मुलांचे आवाज तपासून दाखविले. मधल्या टप्प्यात मुलाचा पल्ला जेमतेम सव्वा सप्तकाचा उरतो आणि त्यातही सहज वावर होतो तो सहा-सात स्वरांतच.

याचा परिणाम प्रत्यक्ष पाहू. प्रार्थना पांढरी एकमध्ये आहे आणि तिचा अंतरा तार षड्जाला जातो. मुलींना ती सोयीची आहे. मधल्या टप्प्यातील चौदा वर्षांचा मुलगा वरच्या बाजूला धैवतापर्यंत कसाबसा पोहोचतो, पुढे आवाज तुटतो. तो खालच्या सप्तकात जाऊ पाहतो, तर मंद्र मध्यमाच्या खाली त्याला स्वरच लागत नाही. वर जागा नाही आणि खालीही नाही. अशा वेळी तो गुणगुणल्यासारखे एकाच स्वरावर काही तरी म्हणत राहतो. शिक्षक त्याला ‘बेसूर’ ठरवून रांगेबाहेर काढतात आणि पुष्कळदा तो मुलगा पुन्हा आयुष्यात गात नाही. त्याच्या कानात दोष नसतो. गीत त्याच्या आवाजाच्या मापाचे नसते. आपल्या समाजात ‘मला गाता येत नाही’ असे ठामपणे सांगणारे इतके पुरुष का आढळतात, याचे एक कारण या प्रार्थनेच्या रांगेत शोधावे लागेल.

उपाय अवघड नाही. वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाचा आवाज एकट्याने, दार लावून, हसण्याला वाव न देता तपासावा आणि वहीत नोंदवावा. गीताचा केवळ पल्ला पाहून भागत नाही, त्याचा वावरही पाहावा. एखादे गीत एकदाच तार गांधाराला स्पर्श करून खाली येते. दुसरे कधीच तार षड्जापलीकडे जात नाही, पण ओळीमागून ओळ पंचम-धैवतावर ताटकळत ठेवते. दुसरे गीत जास्त थकविते. हँडेलच्या ‘मसाया’मधील सुप्रसिद्ध हालेलुया वृंदगान यासाठीच माध्यमिक शाळेने बेताने घ्यावे. त्यात सोप्रानोला दीर्घ स्वर पायरीपायरीने वर चढवीत धरून ठेवावे लागतात. महाविद्यालयीन आवाजांना ते पेलते, नववीतल्या मुली मात्र तेथे ओरडू लागतात. मधल्या टप्प्यातील मुलांसाठी शिक्षकाने मंद्र पंचम ते मध्य पंचम या टापूत फिरणारी एक साधी दुसरी ओळ स्वतः लिहावी. षड्ज-पंचमांवर तालात फिरणारा चार स्वरांचा एक तुकडा पुरे होतो. मुलाला आपले असे काही तरी गावयास मिळते आणि वृंदालाही भरदारपणा येतो.

दोन ओळी एकत्र गाण्याची सवय लावावयाची असेल तर भूप येथेही उपयोगी पडतो. अर्ध्या वर्गाने सा रे ग प ध सां असा आरोह सुरू करावा आणि उरलेल्यांनी दोन मात्रांनंतर तोच. ग–सा, प–रे, ध–ग अशा जोड्या जुळत जातात आणि अर्ध्या अंतराचा संघर्ष कोठेच उद्भवत नाही. येथून मागे-पुढे गावयाच्या लहान रचनांकडे जाणे सोपे असते.

आपल्याकडे वृंदगानासाठी साहित्य नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या इप्टाच्या चळवळीतून अनेक भाषांत समूहगीते निर्माण झाली. १९५८ मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता यूथ क्वायरने आणि एम. बी. श्रीनिवासन यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या मद्रास यूथ क्वायरने भारतीय चालींना दुसऱ्या-तिसऱ्या आवाजांची जोड देऊन दाखविली. मात्र रागाधिष्ठित चालीखाली पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरगुच्छ सरसकट दडपू नयेत. ज्या चालीचा प्राण मींडेत आणि कणस्वरांत आहे, ती एकाच आवाजात, तंबोऱ्यावर, ऐकवूनच शिकवावी. तिच्या लिपीत फक्त सांगाडा असतो आणि मुलांना तसे स्पष्ट सांगावे. वर्षाला पाच गीते घ्यावयाची तर तीन अशी असावीत की जी वृंद बव्हंशी स्वतः वाचू शकेल, एक थोडे ओढून नेणारे, आणि एक केवळ कानाने शिकावयाचे.

वाचनाचा पाठ

आठवड्यातून एकदा तासभर वाचन घेण्यापेक्षा प्रत्येक तालमीत दहा मिनिटे घेणे अधिक फलदायी होते. वाचनाचा धडा गायल्या जाणाऱ्या गीतांपेक्षा नेहमी सोपा असावा. धडा वाटल्यावर अर्धा मिनिट संपूर्ण शांतता ठेवावी. या वेळात मुलांनी पहिला व शेवटचा स्वर पाहावा, पुन्हा येणारा तुकडा हुडकावा, उड्या कोठे आहेत तिकडे लक्ष द्यावे. मग हाताने टाळी देत केवळ लय म्हणावी. त्यानंतर ओठ मिटून मनात गावे. आणि मगच मोठ्याने. एकदा सुरुवात झाली की थांबावयाचे नाही. चुकलेल्याने पुढच्या समेवर येऊन मिळावे. चूक होताच शिक्षक थांबवू लागला, तर मुले वाचण्याऐवजी त्याचा चेहरा पाहू लागतात.

पेटीवर चाल आधी वाजवून दाखविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, नाही तर वाचन संपून अनुकरण सुरू होते. शिक्षकाने षड्ज तेवढा द्यावा. तो तंबोऱ्याचा असल्यास उत्तम, कारण खर्जाच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गांधार मुलांचा गांधार आपोआप जागेवर आणतो. पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा असतो. तंबोरा नसल्यास मुलांचाच एक गट आळीपाळीने ‘सा’ धरून उभा करावा.

मोठ्या वृंदात चार-पाच चांगले वाचक असतात आणि उरलेले त्यांच्या आवाजाच्या किंचित मागून चालतात. हे इतके सराईतपणे होते की शिक्षकालाही उमगत नाही. म्हणून पंधरवड्यातून एकदा दोघादोघांना चार मात्रांचा एक अगदी सोपा तुकडा वाचावयास द्यावा, त्याला गुण देऊ नयेत, आणि चांगल्या वाचकांच्या जागा दर महिन्याला बदलाव्यात. पहिल्या वर्षाअखेर भूपातील आठ आवर्तनांची अपरिचित चाल बहुसंख्य मुलांना षड्जाखेरीज कसलीही मदत न घेता गाता आली, तर दुसऱ्या वर्षी मध्यम व निषाद आणावेत. तोवर आणू नयेत, मग शाळेच्या अभ्यासक्रमात काहीही छापलेले असो.